डावऱ्या माणसानं घडीचा चाकू कुठला घ्यावा? लायनर लॉक, बॅक लॉक की ॲक्सिस?

डावरा_करवीर

राम राम मंडळी. प्रश्न लांबट आहे, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. काम टेबलावरचं, आणि सुट्टी मिळाली की डोंगर. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड, एरवी मसाई पठार, नाहीतर गगनबावड्याकडचे घाट. सॅकमध्ये आजवर व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरवाला लाल चाकू असायचा. तो वाईट नाही, पण त्याचं पातं लॉक होत नाही, आणि भर पावसात आखडलेल्या बोटांनी त्या खाचेत नख घालून पातं बाहेर काढणं म्हणजे शिक्षा. म्हणून आता एका हातानं उघडणारा, लॉक होणारा, खिशाला क्लिपनं अडकणारा घडीचा चाकू घ्यायचाय. ज्याला सगळे टॅक्टिकल फोल्डर म्हणतात तो.

अडचण अशी की मी डावरा आहे. मित्राकडं ऑन्टॅरिओचा रॅट वन आहे. त्याच्या हातात तो टक् करून उघडतो, टक् करून मिटतो. माझ्या डाव्या हातात उघडतो तेवढा, मिटवताना लॉकची पट्टी सापडत नाही. मित्रानं क्लिप काढून डाव्या खिशासाठी फिरवूनही दिली. तरी मिटवायचं दुखणं तसंच.

यादीत सध्या हे आहेत: रॅट वन (लायनर लॉक), कोल्ड स्टीलचा रेकॉन वन (काळा, टँटो टोकाचा, खोटं कशाला बोलू, फोटो बघूनच जीव अडकलाय), स्पायडर्कोचा डेलिका किंवा एंड्युरा (दोन्ही बॅक लॉक), बेंचमेडचा ग्रिप्टिलियन (ॲक्सिस लॉक), आणि सगळे सांगतात म्हणून ओपिनेल नंबर ८. एकदाच घेणार आहे, पण अख्खा पगार घालणार नाही.

काम म्हणाल तर दोरी, पॅकिंगच्या पट्ट्या, भडंगात घालायला कांदा-टोमॅटो, वाटेत कुणी ऊस दिला तर सोलायला, क्वचित फांदी तासायला. वडिलांनी रेकॉनचा फोटो बघितला आणि म्हणाले, “हे असलं रामपुरी घेऊन ऑफिसला जाणार काय?” त्यामुळं तोही एक मुद्दा आहेच.

पन्हाळगडी

रेकॉन वन घे भावा, डोळे झाकून. त्याच्या ट्राय-ॲड लॉकवर लोक वजनं टांगतात, तरी मिटत नाही. बाकीची खेळणी आहेत. नाद खुळा चाकू.

उद्यमनगरी

डावऱ्या, प्रश्न बरा मांडलायस, पण नावं आधी लिहिलीस आणि काम शेवटी. आमच्याकडं गिऱ्हाईक डाय करून घ्यायला आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, पत्रा किती जाडीचा. पंच कुठल्या स्टीलचा हे नंतर ठरतं.

मी टूलरूमवाला. शिवाजी उद्यमनगरात पंच-डाय करता करता केस पांढरे झाले, आणि चाकूंचा नाद तिथंच लागला. घडीचा चाकू म्हणजे शेवटी काय, एक कापणारं पातं, एक पिव्होट (पातं ज्याच्यावर फिरतं तो खिळा) आणि एक स्टॉप (पातं जिथं अडतं ती जागा). या तिघांचं एकमेकांशी जमलं की चाकू चांगला. ब्लॅक कोटिंग, टँटो टोक, मुठीवरची नक्षी हे सगळं त्याच्या नंतर.

आधी तुझ्या डाव्या हाताचं बघू, कारण निम्मी यादी तिथंच गळते.

लायनर लॉक आजच्या रूपात आणला तो मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिरानं, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी स्प्रिंगच्या जोरावर मधे सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकते. मिटवताना ती पट्टी बाजूला ढकलायची. उजव्या हातात अंगठा नेमका तिथं येतो आणि बाहेर ढकलतो. डाव्या हातात तोच अंगठा पलीकडच्या अंगाला असतो, त्यामुळं त्याला पट्टी ढकलता येत नाही, ओढावी लागते. नाहीतर मग तर्जनीनं ढकलायची, आणि तर्जनी नेमकी मिटणाऱ्या पात्याच्या वाटेत. तुझ्या मित्राला हे सांग. क्लिप चारी जागी बसते म्हणून चाकू डावरा होत नाही, क्लिपचा आणि लॉकचा संबंध नाही.

फ्रेम लॉक म्हणजे तीच गोष्ट, फक्त पट्टीच्या जागी मुठीचीच एक बाजू कापून स्प्रिंग केलेली. ख्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झानं १९९० च्या सुमारास ही रचना गाजवली. उजव्या हाताला भारी, कारण मूठ जेवढी आवळशील तेवढा लॉक घट्ट. डाव्या हातात मात्र उघडतानाच बोटं त्या पट्टीवर दाबली जातात आणि पातं निघता निघत नाही. रीव्ह यांच्याकडं डावरी आवृत्ती निघते, पण तू पगाराचं आधीच सांगितलंयस.

स्पायडर्कोच्या पॅरामिलिटरीत कॉम्प्रेशन लॉक असतो. त्याची पट्टी मुठीच्या पाठीकडं, त्यामुळं मिटवताना बोटं पात्याच्या वाटेत येत नाहीत. हुशार काम आहे. पण पट्टी एकाच अंगाची, म्हणजे परत डावं-उजवं आलंच.

उरले बॅक लॉक, ट्राय-ॲड आणि ॲक्सिस. यांना डावं-उजवं नाही.

बॅक लॉक जुना. बकचा ११० नंबरचा फोल्डिंग हंटर १९६४ मध्ये आला आणि त्यानं ही रचना जगभर नेली. पाठीमागं एक तरफ असते, तिचं नाक पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतं. तरफेचं मागचं टोक दाबलं की नाक उचलतं. बक ११० पितळेची टोपणं लावलेला, दोनशे ग्रॅमचा गडी, तो कमरेच्या पाऊचमध्येच शोभतो. खिशाला अडकणारा चाकू आला तो १९८१ मध्ये, स्पायडर्कोचा वर्कर. क्लिप आणि अंगठ्यानं उघडायचं गोल भोक, दोन्ही त्यातच. आज टॅक्टिकल म्हणून जे काही विकलं जातं त्याचं निम्मं कूळ तिथं सापडेल. आणि त्या भोकाला डावा अंगठा उजवा अंगठा एकच.

पन्हाळगडींचा ट्राय-ॲड हा बॅक लॉकच आहे, अँड्र्यू डेमको यांनी सुधारलेला. साध्या बॅक लॉकमध्ये उघडलेल्या पात्याचा सगळा भार तरफेवर आणि तिच्या पिनेवर येतो. ट्राय-ॲडमध्ये पातं आणि तरफ यांच्यामध्ये एक जाड स्टॉप पिन टाकलीय. भार तिच्यावरून मुठीत जातो. शिवाय तरफेचं भोक जरा लांबट ठेवलंय, त्यामुळं झीज झाली तरी तरफ आपोआप पुढं बसते. डिझाइन म्हणून पैकीच्या पैकी मार्क. पण वजनं टांगायचीत कुणाला? तू कांदा कापणार आहेस.

ॲक्सिस लॉक मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीनं काढला आणि बेंचमेडनं १९९८ मध्ये ७१० मध्ये घातला. एक आडवी पोलादी कांडी दोन्ही बाजूंच्या खाचांतून सरकते आणि पात्याच्या बुडामागं पाचर होऊन बसते. दोन्ही बाजूंनी ओढता येते, बोटं पात्याच्या वाटेबाहेर. डावऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही. पेटंटची मुदत संपल्यावर तशाच आडव्या कांडीचे चाकू दुसऱ्या कंपन्याही वेगवेगळ्या नावांनी काढतात. यातली कच्ची बाजू म्हणजे कांडीला ढकलणाऱ्या दोन ओमेगा स्प्रिंगा. केसागत बारीक तार, वाकवून वाकवून एक दिवस तुटते. दोन असतात म्हणून एक तुटली तरी चाकू चालतो, पण गगनबावड्यात ती मिळणार नाही.

आता लायनर लॉकबद्दल एक गोष्ट, तुझ्या मित्रासाठी. पात्याच्या बुडावर पट्टी टेकते ती जागा सात-आठ अंशांत तिरकी घासलेली असते. हा आकडा कुठून आला? पोलादावर कोरडं पोलाद असेल तर घर्षणाचा गुणांक साधारण ०.१५ धर. त्याचा कोन निघतो साडेआठ अंश. पाचर त्याच्या आत असली की स्वतःहून सुटत नाही. ड्रिलचं निमुळतं बूड (मोर्स टेपर) मशीनच्या स्लीव्हमध्ये धरून राहतं ते याच हिशेबानं. आता कुणीतरी प्रेमानं त्या तोंडाला तेल चोपडलं की गुणांक येतो ०.१ वर, कोन पावणेसहा अंश, आणि पाचर सुटायच्या बाजूला. म्हणून तेल पिव्होटला, तेही थेंबभर. लॉकच्या तोंडाला नाही. मित्राचा चाकू एकदा पुसून दे.

एवढं सगळं लॉकबद्दल झालं आणि खरं सांगू काय, चाकू कापतो कसा याचा लॉकशी काडीचा संबंध नाही.

कापणं ठरतं धारेमागच्या जाडीवर. दुकानात जाशील तेव्हा जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन जा. लाजू नको. धारेच्या अगदी मागं, जिथं धारेचा उतार संपतो तिथं जाडी बघ. अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर टोमॅटो कापेल. पाऊण-एक मिलिमीटर असेल तर टोमॅटो दाबेल आणि कांदा फोडेल. टॅक्टिकल म्हणून जे घडवलं जातं त्यात पातं जाड ठेवतात, कारण डिझाइन करणाऱ्यानं डोळ्यापुढं दार उचकटणं आणि भोसकणं ठेवलेलं असतं. रेकॉनचं पातं पाठीला साडेतीन मिलिमीटर. एंड्युराचं तीन. डेलिकाचं अडीच. ओपिनेलचं तर दोनच्याही आत. एंड्युरा-डेलिकात पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार घासलेला प्रकार मिळतो, तो घे. अर्ध्यातून उतार सुरू होणारा नको.

टँटोचं म्हणशील तर त्यात दोन सरळ धारा एका कोपऱ्यात भेटतात. टोकामागं भरपूर पोलाद राहतं, त्यामुळं टोक मोडत नाही, पत्र्याच्या डब्यात घुसतं. पण पोट नाही. पोट म्हणजे धारेची ती गोलाई, जिच्यामुळं फळीवर चाकू झुलवून कोथिंबीर चिरता येते. टँटोनं कोथिंबीर चिरायला घे, तो कोपरा फळीत रुतेल. ड्रॉप पॉइंट घे, म्हणजे पाठ हळूच खाली उतरून टोकाला मिळते तो आकार. टोकाला जीव असतो आणि पोटही राहतं.

अर्ध्या पात्याला करवतीसारखे दात असलेला प्रकार दिसेल. दोरीवर तो मस्त चालतो. पण दात बहुतेक एकाच बाजूनं घासलेले असतात. एका बाजूची धार कापताना एका अंगाला ओढते, आणि उजव्या हाताला जे सोयीचं ते तुझ्या हातात उलटं. शिवाय ते दात सपाट दगडावर लागत नाहीत. नको.

स्टीलवर थोडक्यात. डी-टू, डी-टू म्हणून जो गाजावाजा आहे ते आमच्या टूलरूममधलं एचसीएचसीआरच, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम. उद्यमनगरात पोरगं कामाला लागलं की पहिल्या महिन्यात त्याची कापणी शिकतं. दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम. धार धरून ठेवतं यात वाद नाही. पण बारा टक्के क्रोमियम आहे म्हणून स्टेनलेस समजू नको. त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडच्या खड्यांत अडकून पडतं, गंजाशी लढायला मोकळं थोडंच उरतं. त्यात हीट ट्रीटमेंटवाल्यानं टेंपर (कडक केल्यावर परत तापवणं) पाचशे अंशांच्या वर केला तर आणखी कमी. पावनखिंडीच्या पावसात दोन दिवस ओल्या खिशात ठेव, ठिपके बघ. आणि डी-टूचा छाप मारलेली स्वस्त नक्कल एकानं माझ्याकडं आणून दिली होती, रॉकवेलवर (कडकपणा मोजायच्या मशीनवर) लावली तर ५४. एचसीएचसीआर नीट कडक केलं तर ५८ ते ६० हसत यायला पाहिजे. छाप वाचून चाकू घेऊ नको. स्पायडर्कोच्या त्या दोघांत व्हीजी-टेन असतं, क्रोमियम पंधरा टक्के. कोल्हापूरच्या पावसाला ते बरं.

तेव्हा माझं मत: सरळ उताराचा डेलिका, नाहीतर हात मोठा असेल तर एंड्युरा. पैसे वाचवायचे तर ओपिनेल ८. रेकॉनचा फोटो मोबाइलवर ठेव.

कलमवाली

उद्यमनगरी काकांचं बरंचसं पटलं, पण लॉकवर एवढं पुराण कशाला?

मी आजऱ्याकडची. आमची काजू-आंब्याची रोपवाटिका आहे, हंगामात दिवसभर हातात चाकू असतो. कलमाच्या चाकूला लॉक नसतोच बहुतेक. पातं उघडं राहतं ते मुठीतल्या स्प्रिंगच्या दाबावर, व्हिक्टोरिनॉक्ससारखंच. बोट कापत नाही, कारण कापताना जोर धारेच्याच दिशेला असतो. लॉक लागतो तो टोक खुपसताना किंवा पाठीवर दाब आला तर. म्हणजे जे करायचं नाही तेच करताना.

आणि डावरेपणाचं म्हणाल तर ते लॉकपेक्षा धारेत जास्त असतं, हे आमच्या धंद्यात रोज दिसतं. कलमाच्या चाकूची धार एकाच बाजूनं घासलेली असते, दुसरी बाजू सपाट. सपाट बाजू काडीला, म्हणजे जोडायच्या फांदीला, लागली की काप सरळ येतो, खालच्या रोपाचा खुंट आणि काडी चिकटून बसतात. उजव्या हाताचा चाकू डाव्या माणसाला दिला की काप खोलगट होतो आणि कलम जळतं. डाव्या हाताचे कलमाचे चाकू वेगळे मिळतात. आमच्याकडं काम करणारी एक मावशी डावरी आहे, तिचा चाकू दुसरं कुणी घेत नाही आणि ती कुणाचा घेत नाही. तेव्हा भाऊ, काही घ्या, धार दोन्ही बाजूंनी सारखी घासलेली आहे ना एवढं आधी बघा. टॅक्टिकलवाल्यांतही एका बाजूनं घासलेले निघतात.

ओपिनेलवर मात्र काकांना हरकत आहे. त्याची मूठ बीच लाकडाची. आमच्याकडं जूनला पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि पातं मुठीत असं आवळून बसतं की दातांनी ओढावं लागेल. पावसाळ्यातल्या ट्रेकला तो चाकू देऊ नका.

उद्यमनगरी

ताई, धारेचं तुमचं बरोबर, सोळा आणे.

ओपिनेलचं फुगणं खरं आहे. पण त्याच्या मुलखातच त्यावर इलाज आहे. मूठ उलटी धरून तिचं बूड टेबलाच्या कडेवर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग बोटांनी ओढायचं. त्याहून बरं म्हणजे नवा असतानाच मूठ कोमट जवसाच्या तेलात रात्रभर ठेवायची आणि आठवडाभर सुकू द्यायची. लाकूड तेल पिलं की पाणी कमी पितं. सव्वाशेच्या वर वर्षं झाली त्या चाकूला, १८९० पासून चाललाय, त्यात मोठा बदल झाला तो १९५५ मध्ये फिरकीच्या कड्याचा. कडं फिरवलं की पातं अडतं. ना पट्टी, ना स्प्रिंग, आणि कड्याला डावं-उजवं नाही. उसाचा रस वाळून चिकट झाला तरी गरम पाण्यात बुडवून फिरवलं की सुटतं. लायनर लॉकमध्ये तो रस पट्टीमागं वाळला की गंमत बघा.

लॉक नको हे मात्र मानत नाही. तुम्ही काडी हातात धरून दिवसाउजेडी कापता. हा पोरगा पावसात, अंधारात, दमलेला, ओली दोरी ओढत कापणार. दोरी सुटली की चाकू कुठं जाईल हे तेव्हा त्याच्या हातात नसतं.

काळा_कोट

वडिलांच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून.

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या प्रवर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. तुमच्या यादीतलं सर्वांत लांब पातं ४ इंचांचं आहे. लांबीच्या हिशेबात बसता.

पण इथं थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, तेव्हा सार्वजनिक जागी शस्त्रं, काठ्या, चाकू बाळगायलाच बंदी असते, आणि तिथं इंच मोजत नाहीत. मोडलं तर कलम १३५. आपल्या जिल्ह्यात सण, यात्रा, निवडणुका, आंदोलनं यांच्या आगेमागे असे आदेश निघत राहतात. ट्रेकला निघताना चाकू सॅकच्या तळाशी, शिध्याच्या पिशवीत, कांदा आणि फळीबरोबर ठेवा. पँटच्या खिशाला क्लिपनं लटकवून बिंदू चौकातून हिंडू नका. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनच्या बॅगेत घाला.

आणि दिसण्याचा परिणाम होतो, हे व्यवहारातून सांगतो. लाकडी मुठीचा ओपिनेल बघून हवालदार विचारील, कुठं निघालात? काळा टँटो बघून विचारील, कशाला निघालात? स्वसंरक्षणासाठी ठेवलाय असं तर चुकूनही म्हणू नका.

पन्हाळगडी

एवढं वाचून माझाच रेकॉन विकावा काय असं वाटायलंय 😀 पण नाही विकणार. मला तो आवडतो, बास. कांदा कापायला बायकोची विळी आहे.

डावरा_करवीर

सगळ्यांचे आभार. काल एका दुकानात डेलिका आणि ग्रिप्टिलियन दोन्ही हातात घेऊन बघितले. व्हर्नियर नेला होता, दुकानदार आधी बिचकला, मग त्यानंच आणखी चार चाकू काढून दिले मोजायला.

ॲक्सिस लॉक डाव्या हाताला लोण्यासारखा चालतो, यात शंका नाही. पण डेलिकाच्या धारेमागची जाडी कमी निघाली, आणि वजन तर सत्तर ग्रॅमच्या आसपास, खिशात असल्याचं कळतही नाही. एक खटकलं: डेलिका उघडून पाठीवर हलकं दाबलं की पातं केसभर वर-खाली होतं. हा दोष समजू का? आणि ताई, धार दोन्ही बाजूंनी सारखी आहे, भिंगातून बघितली.

आणखी एक, काका. धार लावायला घरी वडिलांचा जुना दुरंगी ऑइल स्टोन आहे. तो चालेल का वेगळं काही घ्यावं लागेल?

उद्यमनगरी

केसभर वर-खाली म्हणजे बॅक लॉकचा स्वभाव. तरफेच्या पिनेला फिरायला जागा लागते, ती तिथं दिसते. डाव्या-उजव्या अंगाला हलत असेल तर पिव्होटचा स्क्रू जरा आवळ. वर-खाली हलणं वाढत गेलं तर खाच बघ, तिच्यात खिशातला कापूस नाहीतर माती अडकलेली असते, काडीनं टोकर. पाठ टेबलावर आपटून लॉक तपासायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नको. त्यानं लॉक तपासला जात नाही, बिघडतो.

ऑइल स्टोन व्हीजी-टेनला चालतो. डी-टू असता तर डायमंडची पट्टी घे म्हटलं असतं, कारण त्यातले क्रोमियमचे खडे साध्या दगडाला दाद देत नाहीत. दगड आधी सपाट आहे का बघ. वडिलांच्या वेळचा असेल तर मधे खोलगट झाला असणार, काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी टाकून घासून सरळ कर. धारेच्या उतारावर मार्कर पेननं रेघ ओढ, एक हात फिरव आणि बघ शाई कुठली गेली. वरचीच गेली तर चाकू जास्त आडवा धरलायस, धारेवरचीच गेली तर जास्त उभा. सगळी शाई एकसारखी जाईल तो तुझा कोन, तो सोडू नको. एका बाजूनं पलीकडं केसागत ओठ आलेला बोटाला लागला की बाजू बदल. तू डावरा आहेस, तुझा एका बाजूचा हात दुसऱ्याहून जड पडणार, तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे हात मोजून मार.

शेवटी चामड्यावर ओढायचं. त्यासाठी पट्टा विकत घेऊ नको. चप्पल लाइनीत कोल्हापुरी करणाऱ्याकडं तळव्याच्या चामड्याचे तुकडे पडलेले असतात, एक हातभर मागून आण आणि फळीवर चिकटव. घरातलं जुनं पायताण मात्र वापरू नको, त्यात रस्त्याची वाळू भरलेली असते, लावलेली धार तिथंच जाईल.